गोड्या पाण्याचे कप्तान

शिडाची होडी बाळगणारा एखादा गृहस्थ तुमच्याही ओळखीत असेल. नसेल असं वाटत असेल, तर त्याने तुम्हाला अजून बोलावलेलं नाही, इतकाच त्याचा अर्थ. घरी तो अगदी मवाळ. चहासुद्धा "झाला असेल तर" म्हणून मागणारा. तोच माणूस आपल्या जुन्या, तीस फुटी होडीवर पाय ठेवतो आणि त्याचा आवाज दोन पट्ट्या वर चढतो. पाहुण्यांना वाटतं, आता वारा, शीड, सुकाणू असं काही थरारक सुरू होणार. आमच्या कप्तानांनी मात्र गेटवेसमोर होडीवर घेता घेताच विचारलं, "तोंडं धुऊन आलात ना?"

पाठोपाठ हिशेब आला. टाकी एकशे वीस लिटरची, माणसं पाच, भरवशाचा पुढचा नळ चार दिवसांवर. "माणशी रोज सहा लिटर. त्यात चहा धरलाय."

कप्तानांकडे नकाशे आहेत, होकायंत्र आहे, जीपीएस आहे. पण त्यांचा जीव आहे तो एका निळ्या वहीत. कुणी किती पाणी वापरलं, हे त्या वहीत तारीखवार लिहिलेलं असतं. त्यांच्या सागरी नकाशावर दीपगृहं छापील आहेत, नळ मात्र त्यांनी स्वतः लाल पेन्सिलीने काढलेत. एखाद्या बंदराचं नाव काढा. तिथली खोली, खडक, भरतीची वेळ हे सगळं त्यांना येतं, पण नंतर. आधी येतं, "धक्क्यापासून डावीकडे शंभर पावलं. सकाळी धार चांगली असते."

होडीवरचा नळ पायाने दाबायच्या पंपावर चालतो. दाबाल तेवढंच पाणी. आमच्यातले एक इंजिनिअर टॉवरात राहणारे, खाली पोहण्याचा तलाव वगैरे. ते दात घासताना शिलाई मशीन चालवावं तसा तो पंप तुडवत बसले. कप्तानांनी सुकाणू वहिनींच्या हाती दिलं, खाली उतरले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, ब्रश ओला करायला एक दाब पुरतो." वहीत नोंद झाली: 'दात – दीड लिटर.' पुढे चार दिवस इंजिनिअरांना त्याच नावाने हाक मारली गेली.

भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची आणि गोड्या पाण्याने नुसती दाखवायची. भातात चारातली एक वाटी समुद्राची, म्हणजे वेगळं मीठ नको. तीही बंदराबाहेर गेल्यावरच भरायची, नाहीतर भाताला डिझेलचा वास. आंघोळ डेकवर, बादली समुद्रात सोडून. साध्या साबणाला खाऱ्या पाण्यात फेस येत नाही, त्यामुळे आपण अंगाला साबण नव्हे, मेणबत्ती चोळतो आहोत असं वाटतं. शेवटी गोड्या पाण्याचा एक तांब्या मिळतो. तो कप्तान स्वतः भरतात. काठोकाठ भरत नाहीत. कारण विचारायचं नसतं, "होडी हलते ना!"

मी एकदा म्हटलं, "एवढा समुद्र आहे आजूबाजूला." त्यावर पूर्ण दुपार गेली. समुद्राच्या एका लिटरमध्ये पस्तीसेक ग्रॅम मीठ. ते बाहेर टाकायला मूत्रपिंडाला प्यायलेल्याहून जास्त पाणी लागतं. म्हणजे पिणारा उलट तहानेने मरतो. खारा वारा छान सुटला होता, शिडं भरली होती, होडी पाच नॉटने, म्हणजे तासाला सव्वानऊ किलोमीटरने दक्षिणेला चालली होती आणि आम्ही मूत्रपिंड ऐकत होतो.

मुरुडला जंजिरा दिसला. पाहुणे तोफांबद्दल विचारू लागले. कप्तान म्हणाले, "तोफा कुणाकडे नव्हत्या? आत गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत, ते बोला." मालवणला सिंधुदुर्गात लोक महाराजांच्या हातापायांचे ठसे बघायला थांबले, हे तडक विहिरींकडे. दूधबाव, दहीबाव, साखरबाव! भर समुद्रातल्या खडकावर गोडं पाणी. "१६६४ साली पायाभरणी झाली. आधी पाणी पाहिलं असणार, मग तटबंदी," असं ते इतक्या ठामपणे म्हणाले, की जणू त्या वेळची वहीही यांच्याकडेच आहे. अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये 'म्हादेई' घेऊन एकटे, कुठल्याही बंदराला न लागता, पाच महिन्यांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. लोक वादळांविषयी विचारतात. आमच्या कप्तानांना एकच कुतूहल: "निघताना टाकीत किती होतं?"

आता मनाविरुद्ध एक गोष्ट सांगतो. सोबत माझी सत्तरीतली मावशी होती. तिला पहिल्या दिवसापासून होडी लागली. तिसऱ्या दिवशी उलट्या थांबल्या आणि ती पुटपुटली, "डोक्यावरून गोडं पाणी घेतलं असतं तर बरं वाटलं असतं रे." मी वहीच्या भीतीने गप्प राहिलो. थोड्या वेळाने कप्तान खालून कढत पाण्याची बादली घेऊन वर आले. काठोकाठ भरलेली. "मावशी, सावकाश घ्या. घाई नाही."

संध्याकाळी मी वही चोरून पाहिली. मावशीच्या नावावर काहीच नव्हतं. खाली लिहिलं होतं: 'गळती – नऊ लिटर.' दुसऱ्या दिवशी कप्तानांनी दोन्ही वेळचा चहा नाकारला. पित्त झालं म्हणाले. वहिनी भांडी घासता घासता मला म्हणाल्या, "यांना जन्मात पित्त झालं नाही. होडीला मात्र अशी गळती मधूनमधून लागते."

पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली ठेवतात. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि टाकी त्या चार महिन्यांत कोरडी. कप्तान छत्री घेऊन मधूनमधून जातात, ताडपत्रीवरून वाहून जाणारं पाणी बघत उभे राहतात आणि परत येतात. त्या दिवसांत त्यांच्याशी कुणी फार बोलत नाही.

तर, बोलावणं आलं की जा. सुती कपडे घ्या, टोपी घ्या, उलटीची गोळी घ्या, शांपू घरी ठेवा. पाण्याच्या पाच-सहा बाटल्या मात्र जरूर न्या आणि काही न बोलता टाकीशेजारी ठेवून द्या. सांगाल तर परत पाठवतील. न सांगता ठेवाल, तर कुणाची तरी गळती भरून निघेल.