रनिंग फारच कमी

मला पर्यावरणाची काळजी आहे, हे शेजाऱ्यांना कळावं असं बरेच दिवस वाटत होतं. बाल्कनीत झाडं लावून पाहिली. पण खालच्या मजल्याला त्यातलं फक्त पाणी दिसलं, तेही त्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर. गाडीच्या पाठीवरची ‘हायब्रिड’ ही चकचकीत अक्षरं मात्र अख्ख्या पार्किंगला दिसतात. पूर्ण विजेची गाडी घ्यायची, तर चार्जिंग पॉइंटसाठी सोसायटीच्या सभेत विषय मांडावा लागणार, आणि आमच्या सभेपेक्षा जागतिक तापमानवाढ परवडली. म्हणून हायब्रिड.

नवी का नाही? सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर जीएसटी ४० टक्के आहे, विजेच्या गाडीवर ५. पृथ्वीवर माझं प्रेम आहे, पण चाळीस टक्के नाही. त्यापेक्षा कुणीतरी कर भरून घेतलेली, थोडीशीच फिरवलेली गाडी बघावी, असा पुणेरी मध्यममार्ग मी काढला.

मी एक्सेल शीट केली. (मी काहीही घ्यायच्या आधी शीट करतो. गेल्या वेळी मिक्सर होता.) आमचं रनिंग वर्षाला सहा हजार किलोमीटर. साधी पेट्रोल गाडी शहरात लिटरला १२ देईल, हायब्रिड २० देईल. म्हणजे वर्षाला २०० लिटर वाचले, १०५ रुपयांनी २१ हजार. जाहिरातींत त्याच वयाची हायब्रिड साध्या गाडीपेक्षा तीन लाखांनी महाग. भागाकार केला, तर वसुलीला चौदा वर्षं. बघत होतो ती गाडी तीन वर्षांची, आणि खासगी गाडीची पहिली नोंदणी असते पंधरा वर्षांची. थोडक्यात, आमचा फायदा सुरू व्हायच्या दोन वर्षं आधीच गाडी निवृत्त.

बायकोने शीट शांतपणे पाहिली आणि विचारलं, “ती अक्षरं नुसती नाही का मिळत? नाना पेठेत बघ ना.”

शास्त्रीय दृष्टी नसलेल्या माणसांशी मी वाद घालत नाही. जाहिराती वाचत राहिलो. ‘सिंगल ओनर. डॉक्टरांची गाडी. रनिंग फारच कमी.’ पुण्यात विकायला निघालेली निम्मी वाहनं डॉक्टरांचीच असतात. ही मंडळी पेशंट बघायला जातात कशाने, कळत नाही.

जुनी गाडी बघण्यात मी वाकबगार आहे, असं माझं मत आहे. टॉर्च घेऊन जातो. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचून “तेविसावा आठवडा, बावीस साल” असं मोठ्याने म्हणतो. मीटर कमी दाखवत असेल आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजलेलं असेल, तर मालकाकडे नुसतं बघून हसतो. पण कमी पळालेल्या गाडीची खरी दुखणी वेगळी. टायर न झिजता कडक होतात. टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. आणि हायब्रिडमध्ये मोठी बॅटरी कितीही भरलेली असली, तरी साधी बारा व्होल्टची उतरली की गाडी जागची हलत नाही. मोठ्या बॅटरीला आठ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी असते, म्हणून मी निर्धास्त होतो. निर्धास्त नव्हतो तो उंदरांमुळे.

उंदरांबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे. बायको म्हणते, बोलू नकोस. पण इथे ती नाही. उभ्या गाडीत उंदीर शिरतात हे सर्वांना माहीत आहे. उंदीर कुठे शिरतात, याचा अभ्यास मात्र मी केला आहे. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत मोठी बॅटरी मागच्या बाजूला असते आणि तिला गार ठेवणारी हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत जाते. म्हणजे वातानुकूलित, अंधारी, बिनभाड्याची जागा. कोथरूडमध्ये माणसालाही अशी मिळत नाही. हाय-व्होल्टेज केबल भडक नारिंगी असतात. मेकॅनिकने सावध व्हावं म्हणून. उंदराला हा संकेत कुणी कळवलेला नाही.

उपायांच्या बाबतीत आमच्या सोसायटीत तीन पंथ आहेत. डांबराच्या गोळ्यांचा पंथ जुना. त्यांच्या गाडीत बसलं की आजीच्या ट्रंकेत बसल्यासारखं वाटतं. दुसरा पंथ जाळ्या मारणाऱ्यांचा, हे खर्चिक आणि गर्विष्ठ. तिसरा तंबाखूच्या पानांचा. याचे प्रणेते आमचे वॉचमन. बॉनेटखाली पान ठेवलं की उंदीर फिरकत नाही, हा त्यांचा सिद्धांत. मी ठेवलं. आठवड्याने पान गायब. उंदीर तंबाखू खातो की वॉचमन, याचा निकाल लागलेला नाही. विष घालावं असा चौथा विचार सभेत आला होता. पण गणपती तोंडावर आले होते आणि उत्सवात देवाच्या वाहनाला विष कसं घालायचं, यावर चर्चा अडली. दीड तास चालली. आमच्या वाहनांविषयी कुणी बोललं नाही.

तर टॉर्च घेऊन मी सहकारनगरात गेलो. गाडी हायरायडर, कंपनीचा दावा लिटरला २७.९७ किलोमीटर, रनिंग जेमतेम नऊ हजार. मालक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे काका, डॉक्टर नव्हेत. जाळीत उंदीर नाही. पेडल कोरं. मग मी माझं हुकमी पान काढलं: सर्व्हिसच्या नोंदी तारखेवार लावल्या. पहिल्या वर्षी सात हजार किलोमीटर. दुसऱ्या वर्षी सोळाशे. तिसऱ्या वर्षी चारशे.

मीटरमध्ये फेरफार नव्हता. फेरफार घरात झाला होता.

“मुलाने तिकडून पैसे पाठवून घेऊन दिली,” काका म्हणाले. “दर गुरुवारी नारायणपूरला जायचो आम्ही. दत्ताला. मग हिचे हॉस्पिटलचेच फेरे झाले. आता हीच नाही, तर कुठे न्यायची?”

काय बोलावं सुचेना म्हणून मी पुन्हा टायर वाचला. कमी रनिंग म्हणजे चांगला माल, हे मी इतकी वर्षं किती सहज म्हणत आलो. कुणी आजारी पडतं, कुणाची नजर जाते, कुणाची मुलं येतो म्हणतात आणि येत नाहीत, म्हणून गाडी उभी राहते. आणि आपण टॉर्च घेऊन येतो नि खूश होतो. वर पुन्हा विचारतो, “थोडं कमी नाही का होणार?” हा प्रश्न माझ्या ओठांवर होता, हे सांगायला लाज वाटते; पण होता.

तेवढ्यात काकांनीच विचारलं, “तुमचं रनिंग किती?”

“अगदी कमी!” मी अभिमानाने म्हणालो. “वर्षाला सहा हजार. मी घरूनच काम करतो. गाडी जपतो. बहुतेक झाकूनच असते.”

“मग तुम्हाला नाही देणार,” काका म्हणाले.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. काका इंजिनिअर होते. त्यांनी मला हायब्रिड समजावून सांगितली. ही गाडी गर्दीत खुलते. सिग्नलला इंजिन बंद, हळू चाल मोटरवर. ब्रेक लावला की वाया जाणारी शक्ती परत बॅटरीत. “उभी करून ठेवायला नाही केलेली ती. दोन वर्षं उभी राहिली, पुरे झालं.”

मी घासाघीस सुरू केली. गिऱ्हाईक स्वतःचं रनिंग फुगवून सांगतंय, असं पुण्यात तरी यापूर्वी झालं नसावं. “आठ हजार धरा. कोकणात जाऊ. दहा! नारायणपूरलाही नेईन,” मी म्हणालो. काका हसले, चहा दिला, आणि कळवतो म्हणाले.

कळवलं त्यांनी. गाडी एका आयटीतल्या मुलाला दिली. हडपसरहून रोज हिंजवडीला जातो. सकाळी कोंडी, संध्याकाळी कोंडी. माझ्यापेक्षा वीस हजारांनी कमी किंमत देऊन घेऊन गेला. काका फोनवर खुशीत होते: “रोज अॅव्हरेज कळवतो मला. काल चोवीस पडलं!”

मी शीट उघडून त्या मुलाचं रनिंग घातलं. त्याची वसुली माझ्यापेक्षा कितीतरी आधी होते. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाचा हेवा करणारा पुणे जिल्ह्यातला मी बहुधा पहिलाच. बायकोने नाना पेठेत चौकशी केली आहे. अक्षरं दीडशेला मिळतात.