व्हिसा असलेला वासुदेव

अमेरिकेत कार्यक्रमाला निघालेल्या आपल्याकडच्या लोककलावंताला ‘पी-३’ नावाचा व्हिसा लागतो. त्यासाठी तिथल्या यजमानांना सरकारपुढे कागद ठेवावे लागतात. ही कला आगळीवेगळी आहे आणि हा माणूस त्यातला अस्सल आहे, असं जाणकारांचं पत्र. नाहीतर वर्तमानपत्रांतली कात्रणं. शिवाय तिथल्या कलावंत-कामगारांच्या संघटनेचं मत. म्हणजे ज्याचा आजा-पणजा दोरीवर चालला, त्याला दोरीवर चालता येतं, हे कुणा प्राध्यापकाने सहीनिशी कळवायचं. हसायला हरकत नाही. पण आपल्या सरकारने याच माणसाबद्दल काय लिहून ठेवलंय, तेही वाचा.

मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा १९५९ सालचा, महाराष्ट्र राज्याहूनही जुना. भीक मागणे म्हणजे काय, हे त्यात सविस्तर सांगितलं आहे. सार्वजनिक जागी पैसे मागणे किंवा घेणे, मग ते गाण्याच्या, नाचण्याच्या, भविष्य सांगण्याच्या किंवा खेळ करून दाखवण्याच्या बहाण्याने का असेना, ही भीक. लोकांच्या आवारात शिरून मागितलं तरी भीक. उपजीविकेचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी फिरत राहिलं तरी तेच. पोलीस वॉरंटशिवाय धरू शकतात. पहिल्यांदा एक ते तीन वर्षं सरकारी संस्थेत डांबून ठेवण्याची तरतूद, पुन्हापुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. वासुदेव, पोतराज, नंदीबैलवाला, डोंबारी, बहुरूपी ही सगळी मंडळी एकाच व्याख्येत बसवणारा माणूस सचिवालयात होता, हे मानलंच पाहिजे. लोककलांचं इतकं थोडक्यात सर्वेक्षण विद्यापीठालाही जमलं नसतं.

हाच कायदा पुढे दिल्लीलाही लागू झाला. तिथे शादीपूर डेपोजवळ कठपुतली कॉलनी होती. राजस्थानातले कठपुतळीवाले भाट, जादूगार, कसरती करणारे, बहुरूपी असे सगळे तिथे राहत. कायद्याच्या हिशेबाने वस्तीच्या वस्ती संशयित. मग आला १९८५चा अमेरिकेतला भारत महोत्सव. राजीव गांधी वॉशिंग्टनला जाऊन उद्घाटन करून आले. उन्हाळ्यात स्मिथसोनियनने संसदेसमोरच्या हिरवळीवर भारतीय जत्रा भरवली, आणि शेजारच्या संग्रहालयात राजीव सेठींचं ‘अदिती’ हे प्रदर्शन मांडलं. दिल्लीच्या रस्त्यावर ज्यांना हवालदार दंडुका दाखवत होता, त्यांचे खेळ अमेरिकन राजधानीत सरकारी पाहुणे म्हणून होऊ लागले. खेळ तोच, माणूस तोच, ढोलकीही तीच. फरक एवढाच, की पैसे आधी ठरले होते.

माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. खेळाआधी ठरलं तर मानधन, खेळानंतर पुढे केलेल्या थाळीत पडलं तर भीक. महोत्सव दुसरं काही करत नाही. तो तारीख ठरवतो, रक्कम ठरवतो, पत्रकावर नाव छापतो आणि प्रेक्षकाला तिकीट काढून गप्प बसायला लावतो. एवढ्यावर कायद्याची नजर बदलते. गावोगाव अन्न, धान्य, जुने कपडे घेऊन कला दाखवणाऱ्याला जी प्रतिष्ठा मिळाली नाही, ती एका करारपत्राने मिळते.

त्याच महोत्सवात गुलाबो सपेरा ही कालबेलिया समाजातली मुलगी नाचायला गेली होती. जन्मल्याबरोबर आपल्याला जमिनीत पुरलं होतं आणि मावशीने उकरून काढलं, असं ती स्वतः सांगते. साप खेळवणाऱ्या या समाजाच्या धंद्यावर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गदा आली. पुंगी राहिली, साप गेला. नाच मात्र पुष्करच्या मेळ्यातून जगभरच्या रंगमंचांवर पोचला. २०१० साली युनेस्कोने कालबेलिया गाणी आणि नाच आपल्या वारसा यादीत घेतले, २०१६ साली गुलाबोला पद्मश्री मिळाली. ‘परदेशी महोत्सव म्हणजे गोऱ्यांची करमणूक’ असं नाक मुरडणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. गोऱ्यांची करमणूक झाली असेल. इथे एका जमातीच्या मुलींना पेशा मिळाला.

अर्थात महोत्सव काही धर्मादाय संस्था नाही. तो कला कापतो, चकचकीत करतो, खोक्यात भरतो. कधीकधी शब्दशः. रॉयस्टन एबल यांच्या ‘मांगणियार सिडक्शन’मध्ये जैसलमेर-बाडमेरकडचे मांगणियार गवय्ये लाल पडद्यांच्या खणांत, चार मजल्यांवर बसवलेले असतात. एकेक खण उजळतो, एकेक आवाज सुरू होतो. यजमानाच्या अंगणात जन्म-लग्नाला गाणारे हे लोक ॲमस्टरडॅमच्या लाल दिव्यांच्या खिडक्यांची आठवण करून देणाऱ्या मांडणीत गातात. ऐकल्याशिवाय नावं ठेवू नयेत, अंगावर काटा येतो. पण रात्रभर चालणारं गाणं तासा-दीड तासात संपतं आणि यजमानाची वंशावळ आळवायला तिथे कुणीच यजमान नसतो. ही किंमत आहे. ती कलावंताने मोजायची की नाही हे त्याला ठरवू द्यावं. पुण्या-मुंबईच्या परिसंवादात चहा-बिस्किटांवर ते ठरू नये.

आपल्या घरचे महोत्सव पाहिले की परदेशी खोकं परवडलं असं वाटतं. सरकारी लोककला महोत्सवात कलावंत दुपारपासून मेकअप करून बसलेला असतो. मंत्रीमहोदय दोन तास उशिरा. मग दीपप्रज्वलन, शाली, श्रीफळं, सत्कारमूर्तींची रांग, प्रास्ताविक, ‘मी आपला जास्त वेळ घेणार नाही’. शेवटी आयोजक विंगेत येऊन बोटांनी कात्री दाखवतो: सहा मिनिटांत आवरा. मानधनाचा धनादेश पुढच्या आर्थिक वर्षात. सोसायट्यांचं तर विचारूच नका. फाटकावर फेरीवाले आणि भिकाऱ्यांना मज्जाव अशी पाटी. आणि दिवाळी पहाटेला याच फाटकातून मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव सन्मानाने आत येतो. तो नाट्यशास्त्राचा विद्यार्थी असतो, आयोजक कंपनीने पाठवलेला, जीएसटीसह. खरा वासुदेव चुकून त्याच सकाळी आला, तर वॉचमन त्याला कोपऱ्यापर्यंत सोडून येतो.

कठपुतली कॉलनीचं पुढे काय झालं तेही सांगून टाकू. तिथले काही कलावंत जगभर फिरले, पुरण भाट यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, वस्तीवर परदेशी माहितीपट निघाले. एवढी कीर्ती झालेल्या जमिनीवर टॉवर बांधायचं ठरलं. ऑक्टोबर २०१७च्या अखेरीस बुलडोझर आले. परदेशी टाळ्यांनी पासपोर्टवर शिक्के वाढतात. सातबारा मिळत नाही, हे तिथल्या कलावंतांना वॉशिंग्टनमध्ये कुणी सांगितलं नसावं.

२०१८च्या ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागणं गुन्हा ठरवणारी भिक्षा प्रतिबंधक कायद्याची कलमं घटनाबाह्य ठरवली. पण दिल्लीपुरती. मुंबईच्या नावाने जन्मलेला कायदा मुंबईत आहेच. आता समजा, फ्रान्समधल्या एखाद्या महोत्सवाला महाराष्ट्रातला डोंबारी हवा आहे. पत्र आलं, करार आला, विमानाचं तिकीटही ते देणार. पहिली पायरी पासपोर्ट. त्यासाठी पत्त्याचा पुरावा हवा. पाल आज जेजुरीजवळ, पुढच्या महिन्यात नगरच्या बाजूला. पुरावाही कुणा भल्या सरपंचाने जुळवून दिला, तर पोलीस पडताळणीला हवालदार येणार. फॉर्म मांडीवर घेऊन तो नाव विचारणार, वडिलांचं नाव विचारणार, मग पोटापाण्याला काय करता ते विचारणार. रस्त्यावर खेळ करून पैसे मागतो, असं खरं सांगितलं, तर तो कायद्याने कबुलीजबाब.