बांधावरच्या वेळेचा रोज

प्रति,
कांदा लागणीला टोळी बोलावणारे समस्त बागायतदार व त्यांचे मुकादम,
लोणी, ता. आंबेगाव, जि. पुणे.

विषय : लाईट गेल्यावर बांधावर बसलेल्या बायांची मजुरी.



शेतमजुराचा रोज कधी सुरू होतो, यावर कायद्याचे आणि बांधाचे पटत नाही. बांधाच्या हिशेबाने तो पहिले रोप वाफ्यात खोचल्यावर सुरू होतो. त्याआधी पिकअपची वाट पाहणे, मग हौद्यात दाटीने उभे राहणे, ही मजुरांची हौस. घर ते शेत हा प्रवास कायदाही सहसा कामाच्या तासांत धरत नाही. मालकांनी एवढे समाधान मानावे. मात्र २००५ च्या रोजगार हमी कायद्याने काम पाच किलोमीटरपलीकडे दिल्यास मजुरीवर दहा टक्के जादा ठेवले. सरकारला दिसलेले अंतर पिकअपला अजून दिसायचे आहे.

खरा घोळ शेतात पोचल्यावर. लोणी-धामणीचा पट्टा पाण्याला तुटका. लागणीला वाफा ओला हवा, पाणी मोटरच्या हाती आणि मोटर लाईटच्या. लाईट गेली की रोपांच्या जुड्या ओल्या गोणपाटाखाली जातात आणि टोळी बांधावर बसते. रोपांची एवढी काळजी घेणारा मालक बायांना सांगतो, काम नाही तर दाम नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याचे कलम १५ याच्या नेमके उलट होते. रोजावर बोलावलेल्या मजुराला काम कमी तास मिळाले, तरी वेतन पूर्ण दिवसाचे. मजूर स्वतःच कामाला राजी नसेल किंवा नियमांत सांगितलेले कारण असेल, तरच सूट. २०१९ च्या वेतन संहितेत हीच तरतूद कलम १० मध्ये आली. ‘हे कारखान्यांसाठी असते’ असेही म्हणता येत नाही, कारण १९४८ च्या कायद्याच्या अनुसूचीत शेतीचा स्वतंत्र भागच होता.

यावरचा मालकांचा तोडगा म्हणजे उक्ते. एकराचा भाव ठरला की लाईटची वाट मजुरांच्या खर्चाने पाहता येते. तोडगा हुशारीचा, पण अर्धाच. उक्त्याचा किमान दर ठरलेला नसून फक्त रोजाचा ठरलेला असेल, तर उक्त्यातही त्या रोजाखाली जाता येत नाही.

राहता राहिली भाकरीची सुट्टी. शेजारच्या खेड तालुक्यातील कन्हेरसर हे मूळ गाव असलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी दुपारची अर्धा तास सुट्टी मागितली. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाच तासांच्या कामानंतर ती सक्तीची केली. बांधावर मात्र लाईट गेली की ‘तेवढ्यात भाकरी खाऊन घ्या’ म्हणतात. एकाच अर्ध्या तासात खोळंबाही बसतो आणि सुट्टीही.

कळावे.