पावसाळी आल्या माहेरी

जूनच्या पहिल्या रविवारी भाची आली. पायात गुलाबी, पारदर्शक, जाळीदार सँडल आणि आत लेसचे पांढरेशुभ्र मोजे. "मामा, जेली शूज! रेट्रो आहेत." मी चष्मा लावून वाकून पाहिलं. अगं, ह्या तर पावसाळी चपला!

आमच्याकडे शाळा उघडायच्या आधी ही खरेदी व्हायची. वडील माप घ्यायचे पायाचं आणि चप्पल घ्यायचे एक नंबर मोठी. पुढच्या वर्षी पण झाली पाहिजे ना! आठ दिवस ती चावायची. टाचेला फोड, फोडावर खोबरेल, वर्गात पचक-पचक. पट्टा तुटला की आई गॅसवर सुरी लालबुंद करून डाग द्यायची. घरभर जळक्या प्लास्टिकचा वास, आणि चपलेवर काळा व्रण. याला हल्ली अपसायकलिंग म्हणतात म्हणे. दुसऱ्यांदा तुटली की भंगारवाल्याकडे जायची. तो बदल्यात मूठभर लसूण द्यायचा.

भाचीने माझं अज्ञान दूर केलं. या चपलेचं कूळ फ्रेंच, जन्म १९४६चा. पुढे ब्राझीलच्या 'मेलिसा' कंपनीने १९७९ साली कोळ्यांच्या चपलेवरून ती घडवली, आणि काही वर्षांत पॅरिसचे फॅशन डिझायनर गोतिए तिच्या नादी लागले. २०२४मध्ये ऑल्सन भगिनींच्या 'द रो' या ब्रँडने जाळीची जोडी काढली, किंमत ८९० डॉलर. म्हणजे पाऊण लाखाच्या घरात. मी मनातल्या मनात लसणात हिशेब करून पाहिला. घरात मावेना.

मग स्टायलिंगचे नियम. मोजे दिसलेच पाहिजेत, पँट घोट्याच्या वर हवी. आमची दर जूनला आपोआप वर जायची. आमची उंची वाढायची, वडिलांचा पगार वाढायचा नाही. रंग एकमेकांशी जुळता कामा नयेत. तेही जमलं होतं. एकदा डाव्या पायाची चॉकलेटी ओढ्यात वाहून गेली, तेव्हा थोरल्या भावाची काळी घालून अख्खा श्रावण काढला. मास्तरांनी अंगठे धरायला लावले होते. त्यांना फॅशनमधलं काही कळत नसावं.

चहा होईपर्यंत आभाळ भरून आलं. पहिली सर कोसळली तशी भाची घाईने उठली. सँडल काढल्या, रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवल्या.

"मामी, तुझ्या रबरी स्लिपर नेऊ का गं? या भिजतील."