‘मेट’ : नवशिक्यांसाठी प्राथमिक पाठ

हे टिपण मेलबर्न, सिडनी किंवा पर्थच्या विमानतळावर नुकत्याच उतरलेल्या मराठी माणसासाठी आहे. आयईएलटीएसला उत्तम गुण पडले असल्याने आपल्याला इंग्रजी येतं, अशी त्याची समजूत असते. ती दोन दिवस टिकते. तिसऱ्या दिवशी कोणीतरी ‘मेट’ म्हणतं आणि पुढे काय बोलायचं ते त्याला सुचत नाही.

आधी उच्चार. ‘मेट’ असं स्वच्छ, शाळेतल्या बाईंना आवडेल असं म्हणायचं नाही. ‘मे’ आणि ‘माय’ यांच्या मध्ये कुठेतरी जीभ सैल सोडायची आणि शेवटचा ‘ट’ अर्धा गिळायचा. आरशासमोर सराव करावा. घरच्यांसमोर नको.

आता अर्थ. शब्दकोशात ‘मित्र’ असं दिलेलं असतं. शब्दकोश बाजूला ठेवा. ऑस्ट्रेलियात ज्याचं नाव आपल्याला माहीत नाही, किंवा तीनदा सांगूनही लक्षात राहिलेलं नाही, तो मेट. पार्सल आणणारा, नळ दुरुस्त करणारा, बसचा ड्रायव्हर, शेजारच्या रांगेतला माणूस, सगळे मेट. जिवलगाची हाक वेगळी असते. त्याच्या नावाची मोडतोड करतात, डॅरेनचा डॅझा आणि गॅरीचा गॅझा होतो. त्याहून जवळचा असेल तर सरळ शिवी घालतात. तेव्हा ऑफिसात कोणी तुम्हाला मेट म्हणालं तर हुरळून जाऊ नका, अजून ओळख व्हायची आहे. शिवी आली की घरी फोन करून कळवा, जम बसला. अपवाद एकच: ‘माय मेट’ असं कोणी म्हणालं तर तिथे मात्र खरा मित्रच अभिप्रेत असतो. आणि ‘ओल्ड मेट’ म्हणजे जुना मित्र नव्हे. ‘तो कोण तो इसम’, आणि बहुतेक वेळा त्याची तक्रारच चाललेली असते.

शब्द वाक्यात कुठे बसतो, हा या विषयाचा गाभा. शेवटी आला तर तो वंगण असतो. ‘गाडी जरा मागे घे, मेट’ हा हुकूमच, पण टोचत नाही. सुरुवातीला आला आणि त्यानंतर बोलणारा थांबला, तर सावध व्हा. गॅरेजवाला बॉनेट उघडतो, आत डोकावतो, दातांतून हवा ओढतो, हात फडक्याला पुसतो आणि म्हणतो, ‘मेऽऽट...’ त्या लांबलेल्या स्वरात तुमचा गिअरबॉक्स गेलेला असतो. बिल चार आकडी. असाच लांब स्वर राजकारण्यांकडेही असतो. न्यू साउथ वेल्समधल्या मजूर पक्षाच्या उजव्या गटाची तर ती ओळखच मानली जाते, आणि तो ऐकून पाठ भिंतीला लावून उभं राहावं असा तिथला जाणता सल्ला आहे. उलट स्वर आखूड, आवाज खाली, शब्द एकटाच: ‘मेट.’ याचा अर्थ ‘पुरे’. त्याच्या आधी ‘लिसन’ लागलं तर एक पाऊल मागे सरका. ‘आर यू ऑल राइट, मेट?’ असं कोणी पबमध्ये छाती पुढे काढून विचारलं तर तो तुमच्या प्रकृतीची चौकशी करत नाहीये.

समानार्थी शब्द बरेच आहेत, पण अदलाबदल करायला जाऊ नका. ‘बडी’ पोरांसाठी. मोठ्या माणसाला म्हटलं तर अपमान, आणि ‘चॅम्प’चंही साधारण तसंच. दार धरून ठेवलंत तर तुम्ही ‘लेजंड’. एवढ्याशा पराक्रमाला एवढी मोठी पदवी दुसरीकडे मिळत नाही. ‘कॉबर’ हा मात्र वापरायचा नाही. तो आज मुख्यतः चॉकलेटात बुडवलेल्या कॅरमेलच्या गोळ्यांवर आणि स्मारकांवर सापडतो. जुलै 1916 मध्ये फ्रान्समधल्या फ्रॉमेलला एका रात्रीत पाच हजारांहून जास्त ऑस्ट्रेलियन सैनिक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. मधल्या मोकळ्या पट्ट्यात पडलेल्या एका जखमीने, मला विसरू नकोस, म्हणून सार्जंट सायमन फ्रेझरला हाक मारली ती ‘कॉबर’ अशी. खांद्यावर जखमी घेतलेल्या फ्रेझरचा पुतळा 1998 मध्ये तिथे उभा राहिला. एवढं ओझं वाहिलेला शब्द आपण ‘पार्किंग कुठे आहे’ विचारताना वापरू नये.

मेटलाही असं वजन आहेच. पापुआ न्यू गिनीत कोकोडाच्या वाटेवर, इसुरावाला, ग्रॅनाइटचे चार खांब आहेत. शौर्य, चिकाटी आणि त्याग यांच्या बरोबरीने चौथ्यावर ‘मेटशिप’ कोरलंय. याच भरात 1999 मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी कवी लेस मरे यांच्या मदतीने राज्यघटनेची उद्देशिका लिहायला घेतली आणि तिच्या मसुद्यात मेटशिप आली. पुष्कळ बायकांनी विचारलं, यात आम्ही कुठे? खुद्द मरे यांनाही शब्द रुचला नव्हता. तो काढला, आणि उरलेली उद्देशिका लोकांनी नोव्हेंबरातल्या सार्वमतात फेटाळली. बायकांचा प्रश्न रास्तच होता. आता तरुण मुली बिनदिक्कत एकमेकींना मेट म्हणतात, पण सरसकट सगळ्यांना ‘आपले’ म्हणणाऱ्या शब्दाने कोण बाहेर राहतं, हे नवागताने पाहून ठेवावं. त्याची पाळी येतेच.

तरी हा शब्द हिसकावायला गेलात तर खैर नाही. 2005 च्या ऑगस्टात कॅनबेराच्या संसद भवनातल्या सुरक्षारक्षकांना फर्मान निघालं, की येणाऱ्याजाणाऱ्याला मेट म्हणायचं नाही. हॉवर्ड आणि त्यांना 1987 च्या निवडणुकीत हरवणारे बॉब हॉक, दोघे एका सुरात विरोधात गेले. फर्मान दिवसभरातच गुंडाळलं. आपल्याकडे मंत्रालयाच्या दारावरचा शिपाई मंत्र्याला ‘काय मित्रा’ म्हणतोय, अशी कल्पना करून बघा.

म्हणून ‘सर’ म्हणायची सवय विमानतळावरच सोडा. सर म्हटलं की समोरचा मागे वळून बघतो, आपले वडील आलेत की काय. टॅक्सीत एकटे असाल तर पुढे बसा; मागे बसणं म्हणजे ड्रायव्हरला नोकर समजणं, असं मानणारे जुने लोक अजून आहेत.

स्वाध्याय. प्रश्न पहिला: प्लंबर म्हणाला, ‘मेट्स रेट लावतो’. तर? उत्तर: मित्रांचा दर म्हणजे सवलत, पावती मागू नका, मागितलीत तर दर बदलेल. प्रश्न दुसरा: सहकारी रोज तासभर उशिरा येतो, साहेबाला सांगाल का? नाही. याला ‘डॉबिंग’ म्हणतात, आणि एकदा केलंत की पुढे तुम्हाला मेटसुद्धा कोणी म्हणत नाही. प्रश्न तिसरा: रात्री पोलिसाने गाडी थांबवून नळी तोंडापुढे धरली आणि म्हणाला, ‘दहापर्यंत मोज, मेट’. उत्तर: इंग्रजीत मोजा.