खेळघरातील जुन्या ध्वनियंत्रांची व्यवस्था : सातारा-सांगली परिसरासाठी काही नियम

ज्या खोलीत कॅरमचा बोर्ड, पत्त्यांचे दोन कॅट आणि घरी कोणी वाट पाहत नसलेले चार शेजारी एकत्र नांदतात, तिला प्रस्तुत विवेचनात ‘खेळघर’ म्हटले आहे. मग ती साताऱ्याच्या शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्याची माडी असो, की सांगलीच्या विश्रामबागेतल्या बंगल्यात पाहुण्यांसाठी बांधलेली आणि पाहुणे फिरकू नयेत अशा बेताने पत्त्यांनी व्यापलेली खोली असो. अशा खोलीत चावीचा ग्रामोफोन, व्हॉल्व्हचा रेडिओ किंवा सुटकेससारखा मिटणारा रेकॉर्ड प्लेअर मांडण्याची हौस असणाऱ्यांचा समज असा असतो की ही यंत्रे गाणे ऐकण्यासाठी आहेत. वस्तुतः खेळघरातले ध्वनियंत्र हा पाचवा भिडू असतो, आणि त्याला खेळाचे नियम लावले नाहीत तर तो आपले नियम उरलेल्या चौघांना लावतो.

जागा ठरवताना सांगलीकराने प्रथम नदीचा विचार घ्यावा. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढले होते. तेव्हा गावभागात तळमजल्यावर ग्रामोफोन ठेवणे हा संगीतप्रेमाचा नव्हे, आशावादाचा प्रकार ठरतो. साताऱ्यास पुराची भीती कमी असली तरी पावसाळी दमट हवेत लाकडी पेटी फुगते आणि स्पीकरचा कागदी पडदा सैलावतो. मे महिन्यात मात्र दोन्ही गावांना एकच पथ्य आहे: जुन्या तबकडीत लाख असल्यामुळे ती खिडकीतल्या उन्हात मऊ पडते आणि संध्याकाळपर्यंत तिचा द्रोण होतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळावे लागते, आणि तो म्हणजे उठायचे कोणी. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांच्या मिश्रणाची ही तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते आणि दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपते. मिरजेत राहिलेले आणि तिथेच चिरविश्रांती घेत असलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांना ध्वनिमुद्रणासाठी रागाचा विस्तार एवढ्याच अवकाशात बसवावा लागला आणि त्यांनी तो बसवला. मेंढीकोट खेळणाऱ्या चौघांना तेवढ्या वेळात पत्ते नीट लावूनही होत नाहीत. मेंढीकोट म्हणजे समोरासमोरच्या भिडूंनी दश्श्या, अर्थात मेंढ्या, गोळा करण्याचा खेळ असून त्यात कोणाच्या हातात कोणती मेंढी आहे हे गुपित राहणे अत्यावश्यक असते. बाजू संपली की कोणीतरी उठून तबकडी उलटवणार, पिन बदलणार (पोलादी पिन एका बाजूतच झिजते, कारण तबकडीतली भुकटी तिला घासत असते), चावी देणार आणि परतताना तिघांच्या पाठीमागून सावकाश चालत येणार, हे ओघानेच आले. यंत्र अशा कोपऱ्यात ठेवावे की वाट कोणाच्याही पाठीमागून जाणार नाही, हा उपाय कागदावर उत्तम आहे. पेठेतल्या अरुंद माडीवर तसा कोपरा शोधणारा शेवटी जिन्यात पोहोचतो. म्हणून उठणाऱ्याने स्वतःचे पत्ते सोबत न्यावेत आणि पिन बदलण्यास दोन्ही हात लागत असल्याने ते दातांत धरावेत, ही पद्धत अधिक ग्राह्य वाटते. तिच्यामुळे नजर आवरत नसली तरी निदान तोंड बंद राहते, आणि भिडूला खाकरून खूण करण्याची सोय आपोआप नाहीशी होते.

‘वन्समोर’ची मुभा एका डावात एकदाच द्यावी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ सादर केलेल्या सांगलीत ही मागणी नाकारणे अशिष्टपणाचे वाटेल. तथापि ती नेहमी हरणाऱ्या बाजूकडूनच का येते, याचा विचार केल्यास संकोच दूर होतो.

कॅरमच्या बाबतीत उपद्रव निराळा आहे. बोर्डावर भुरभुरवलेली बोरिक पावडर हवेत उडून लाँग प्लेच्या, म्हणजे मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणाऱ्या तबकडीच्या, केसाएवढ्या बारीक खाचांत बसते, आणि मग नाट्यगीतात अवेळी चुरचुर ऐकू येऊ लागते. शिवाय राणी घेण्याच्या आवेशात स्ट्रायकर आपटला की त्याच टेबलावरच्या प्लेअरची पिन अंतऱ्यावरून थेट शेवटाकडे उडी मारते. यावर जुन्या वाड्यांच्या जाड भिंतीतला कोनाडा हा जो उपाय आहे, त्याच्यापुढे बाजारातली महागडी बैठक फिकी पडावी, कारण टेबलाचा हादरा तिथवर पोहोचत नाही. भडंग आणि तबकडी यांना एकाच हाताने स्पर्श करू नये. सांगलीत हा नियम मोडणाऱ्यास खेळातून काढावे, साताऱ्यात कंदी पेढ्यापुरते ताकीद देऊन सोडावे.

व्हॉल्व्हचा रेडिओ वर्षानुवर्षे बंद असेल तर तो एकदम विजेला जोडू नये. जुने कारागीर आधी त्याला ‘सिरीज’वर घेतात, म्हणजे वाटेत एक साधा बल्ब जोडून वीज आवरून सोडतात, आत कुठे शॉर्ट असेल तर रेडिओऐवजी बल्ब पेटतो. प्लग काढल्यावरही आतल्या कंडेन्सरमध्ये वीज उरते, त्यामुळे मागचे झाकण उघडून बोटाने धूळ काढण्याचा मान खेळात सतत जिंकणाऱ्यासही देऊ नये. हे सोपस्कार झाले की १९६३ पासून चालू असलेले आकाशवाणीचे सांगली केंद्र लावावे. व्हॉल्व्ह तापून आवाज येण्यास अर्धा-पाऊण मिनिट लागते, तेवढ्यात पत्ते पिसून होतात. मिडीयम वेव्हवर सतत गुणगुण येत असेल तर निवेदकास दोष न देता बोर्डावर लोंबणारा एलईडी दिवा मालवून पाहावा. अंधारात कॅरम खेळता येत नाही ही अडचण खरी, पण अशा प्रसंगी पाचव्या भिडूचे मन राखायचे की सोंगट्यांचे, हे मालकाने ठरवावे.

रात्री दहानंतर निवासी भागात, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार, ४५ डेसिबलची मर्यादा लागू होते. ग्रामोफोनला आवाज कमी करण्याचे बटण नसल्यामुळे कर्ण्यात जुने उपरणे कोंबावे आणि भांडणाऱ्या भिडूंसाठी दुसरे जवळ ठेवावे. वीज गेल्यास रेडिओ व प्लेअर गप्प होतात; चावीचा ग्रामोफोन मात्र कंदिलाच्या उजेडातही चालू राहतो, आणि त्याची स्प्रिंग उतरत आली की वेग मंदावून गाणाऱ्या बाईंचा स्वर हळूहळू बुवांच्या पट्टीत जातो. एवढे होऊनही चावी द्यायला कोणीच उठत नसेल, तर चौघांच्याही हातात एकेक मेंढी आहे असे खुशाल समजावे आणि तो डाव संपेपर्यंत बुवांनाच गाऊ द्यावे.