नानांची ट्रायल

चिरंजीवांनी घरात सांगितलं, की साखरपुड्याला हिऱ्याची नाही, नीलमची अंगठी घ्यायचीय, कारण तिला निळा रंग आवडतो. हे तो स्वयंपाकघरात, तेही हळू आवाजात म्हणाला होता. संध्याकाळी साडेसातला नाना दारात हजर.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे मावसभाऊ. नोकरी वीज मंडळात झाली. जन्मभर मीटर तपासले, आता दगड तपासतात. उजव्या हाताच्या तर्जनीत पुष्कराज, मधल्या बोटात गोमेद, अनामिकेत पोवळं, करंगळीत मोती. वरणभात कालवायच्या आधी हे चारही ग्रह काढून ताटाशेजारी ओळीनं मांडतात आणि हात धुतल्यावर त्याच क्रमानं परत चढवतात. गेल्या दिवाळीत मोती पाटाखाली गेला, तेव्हा तो सापडेपर्यंत आम्ही कुणी बासुंदीला हात लावला नव्हता.

चपला काढता काढताच ते म्हणाले, "नीलम? शनीचा दगड. लाभला तर राजा, नाही लाभला तर… असो. मी आपला अनुभव सांगतो, पटलं तर घ्या."

हे 'असो' भयंकर असतं. त्या 'असो'मागे कुणाचा तरी बुडालेला कारखाना असतो, कुणाचा तरी मोडलेला पाय असतो.

"नाना, इंग्लंडच्या राजघराण्यातसुद्धा नीलमच दिला होता," चिरंजीव म्हणाले. "1981 साली डायनाला. 12 कॅरेटचा, सिलोनचा, भोवती 14 हिरे."

"आणि टिकला का संसार?"

"पण तीच अंगठी 2010 पासून केटच्या बोटात आहे. तिचा टिकलाय की!"

नाना जराही डगमगले नाहीत. "तिला लाभला. म्हणून तर म्हणतो, आधी ट्रायल घ्यायची!"

खरी अडचण पुढेच होती. साखरपुड्याची अंगठी अनामिकेत घालतात आणि अनामिका सूर्याची. शनी सूर्याचा मुलगा, पण बापलेकांचं जन्माचं वाकडं. "बापाच्या घरात मुलाला कोंडणार तुम्ही," नाना कळवळून म्हणाले. शनीचं बोट मधलं. चिरंजीवांनी विज्ञान काढलं. नीलम आणि माणिक ही दोन्ही मुळात कुरुंदच. क्रोमियम मिसळलं की लाल माणिक होतं, लोखंड आणि टायटॅनियम मिसळलं की निळा नीलम. म्हणजे शनीचा दगड आणि सूर्याचा दगड एकाच रक्ताचे. नाना क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "तेच तर मी सांगतोय. सख्ख्यांचंच जास्त वाजतं." आमच्या घराण्यातले जमिनीचे दोन दावे आठवून मीही गप्प बसलो.

शनिवारी सगळे लक्ष्मी रोडला. (शनिवारच का, हे विचारू नका.) दुकानात नाना बसत नाहीत. ते खिशातून भिंग काढतात, दगड चिमट्यात धरतात आणि थेट फुटपाथवर उन्हात जातात. मागून सेल्समन, त्याच्यामागे वॉचमन. "काश्मिरी आहे का?" हा पहिला प्रश्न. पाडरच्या खाणी 1880 च्या दशकात सापडल्या आणि तिथला उत्तम माल काही वर्षांतच संपला, हे नानांना पुरतं ठाऊक आहे; तरी विचारतात. भाजीवाल्याला 'देवगडचा आहे का' असं जानेवारीत विचारावं, तसं. मग सिलोनी की बँकॉकचा, तापवलेला की न तापवलेला, सर्टिफिकेट कुठल्या लॅबचं. यातले प्रश्न खरोखर विचारण्याजोगे होते, हे मान्य केलं पाहिजे. बहुतेक नीलम रंग खुलावा म्हणून तापवतात आणि न तापवलेल्याचा भाव फार चढा असतो. आमच्यापैकी कुणाला हे सुचलं नसतं.

पण मग नानांनी पेलाभर दूध मागितलं.

खरा नीलम दुधात टाकला की दूध निळसर दिसतं म्हणे. दुकानाचा पोऱ्या धावत जाऊन पिशवी घेऊन आला. काचेच्या पेल्यात दूध, दुधात सव्वापाच रत्तीचा दगड, आणि पेल्यावर वाकलेली आम्ही सात माणसं. शेजारच्या काउंटरवर मंगळसूत्र बघणारं एक जोडपंही येऊन वाकलं. दूध पांढरं होतं. पांढरंच राहिलं.

"पिशवीचं आहे," नाना म्हणाले. "गाईचं हवं."

शेवटी पूर्ण रक्कम अनामत ठेवून दगड तीन रात्रींसाठी घरी आला. नियमाप्रमाणे तो मुलीच्या उशाखाली हवा; पण होणाऱ्या सुनेच्या घरी "रात्री याच्यावर झोप आणि स्वप्नं लिहून ठेव" असा निरोप कोण देणार? नाना म्हणाले, "माझ्या उशाखाली ठेवा. मुलीला काही व्हायला नको. मला काय व्हायचंय ते होऊन गेलंय."

हे ते इतक्या साधेपणानं म्हणाले, की माझी बायको पाणी आणायला म्हणून आत गेली ती जरा वेळानं आली.

पहिल्या रात्री त्यांच्या सोसायटीची वीज गेली. आम्ही धास्तावलो, पण नानांनी तो शनीचा दोष मानला नाही. "डीपीचा फ्यूज. मला आवाजावरून कळतं." दुसऱ्या रात्री काहीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन आला. नानांचा डावा गुडघा, जो अकरा वर्षं दुखत होता, तो दुखला नव्हता. "लाभला! घ्या!"

अंगठी झाली, साखरपुडा झाला. मुलाने ती अनामिकेतच घातली, पण तिथे ती भलतीच सैल झाली, म्हणून मुलगी आता मधल्या बोटात घालते. सोनाराला माप नानांनी दिलं होतं.